कुंपण

विहिगाच्या उतारावर कागेहा
रानसूर्यफुलाचं कुंपण छाटते.
फुलं पिवळीधमक, पाला कडूजहर,
शेळीही हुंगून मागे फिरते.
माती मात्र खाते.

सुकुमाच्या रोपांभोवती
ती पाला अंथरते, वीतभर जाड,
कोवळ्या फांद्यांसकट.
आठवड्यात काळा पडतो.
खाली गांडुळं, आणि वास
कालच्या चहाच्या चोथ्याचा.

कुंपणापलीकडे जाऊ राहते.
तीन पावसाळे अबोला,
एका वासरावरून.

आज कोयता जरा जास्तच चालला.
भगदाडातून दिसली ती,
वाकलेली,
तिच्याही ओच्यात
ह्याच झुडपांचा पाला,
पलीकडून तोडलेला.

"अगदी बुडाशी नको टेकवूस,
जळेल देठ."
कागेहा बोलून गेली,
मग जीभ चावली.

जावेनं वर पाहिलं नाही.
पाला तेवढा
चार बोटं मागे सारला.