अंदाज

उश्बाच्या पायथ्याला आमचं गाव: अकरा दगडी बुरूज,
एक देऊळ, एक ट्रान्सफॉर्मर.
ट्रान्सफॉर्मर माझ्या ताब्यात. देऊळ कुणाच्याच नाही.

त्या हिवाळ्यात संध्याकाळी पाचलाच बल्ब पिवळे पडायचे.
मी खांबामागून खांब तपासत गेलो
आणि बेक्नूच्या गोठ्याशी थांबलो.
बर्फ सगळ्या छपरांवर होता, त्याच्या नव्हता.

आत गाईशेजारी फळ्यांवर मांडलेली चाळीस यंत्रं,
पंखे घरघरत, हिरवे ठिपके लुकलुकत,
आणि मधोमध गवतावर त्याची आई, नाझो,
शाल काढून बसलेली. जानेवारीत.
"इथं ऊब आहे," म्हणाली, "गायही दूध देतेय."
मग मलाच विचारलं, कारण बेक्नू सांगत नव्हता:
"हे करतात काय रे दिवसभर?"

आकडा ओळखतात, आजी.
क्षणाला अब्जावधी अंदाज. सगळे चुकतात.
कधीतरी, कुठंतरी, कुणाचा तरी एक लागतो,
आणि लागला की पुन्हा पहिल्यापासून.

ती हसली नाही. मेणबत्त्या वळून चिकट झालेली बोटं
तिनं एका यंत्राच्या पाठीवर ठेवली,
तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावीत तशी.
"मग मीही तेच करते की.
साठ वर्षं झाली."

रविवारी सगळ्यांना देवळात बोलावलं.
संत गिओर्गीची चांदीनं मढवलेली तसबीर बाहेर काढली,
जिच्यासमोर आमच्याकडं खुनीसुद्धा खोटं बोलत नाही.
एकेकानं हात ठेवला: माझ्या घरात यंत्र चालणार नाही.
ज्यांच्याकडं साधा फ्रिज नाही त्यांनीही.
बेक्नू शेवटचा.
नोटिसांनी शेगडी पेटवणारा, दोनदा कापलेली तार
रातोरात जोडणारा हा माणूस
त्या वीतभर चांदीपुढं खोकला, अडखळला,
आणि शपथ घेऊन बाहेर बर्फात जाऊन बसला.

त्या रात्री दिवे पांढरेशुभ्र.
पोरं अभ्यासाला, टीव्हीवर कुस्ती.
मी वहीत लिहिलं: दाब ठीक. तक्रार नाही.

पण गाय आटली.
नाझो आता चुलीशी बसते, शाल घट्ट ओढून,
ओठ हलत असतात.
काय मागतेस, विचारलं तर म्हणते,
मागतेय कुठं? बघतेय,
लागतो का.

काल दुरुस्तीसाठी अख्ख्या गावाची वीज बंद केली.
खांबावर चढलो, हातमोजे दातांत,
आणि लहानपणच्या सवयीनं लाकडाला कान लावला.
तारेत काही असणं शक्य नव्हतं,
फ्यूज माझ्याच खिशात.
तरी गुणगुण होती, बारीक.

वारा असेल.

वहीत काय लिहावं कळेना.
रकाना तसाच ठेवून खाली उतरलो.