देवस्थानाचा तिसरा खर्डा

पहिल्या खर्ड्यात कवट्या होत्या.
काळे झगे, कोनाड्यांत हाडांच्या समया,
आणि एक घंटा, जी वाजली की कुणीतरी मरतं.
झंखनानं वही वाचली,
सेव-उसळीचा रस्सा बोटानं निपटत म्हणाली,
हे देऊळ अशा माणसानं बांधलंय
ज्यानं अजून एकही मयत पाहिलं नाही.
मी काही बोललो नाही.

दांडिया बाजारात, तिसऱ्या मजल्यावर,
शनिवारी रात्री आम्ही चौघं खेळतो.
फासे वीस बाजूंचे, नकाशा चौकटीच्या वहीत.
हेरंब शिर्के योद्धा, एरवी विम्याच्या कचेरीत.
झंखना चेटकीण.
मुर्तझा चोर; दिवसा मांडवीत कुलपं विकतो.
आणि मी जग चालवतो,
म्हणजे कुणी विचारलं, दारामागे काय आहे,
की उत्तर मला द्यावं लागतं.

दुसऱ्या खर्ड्यात विश्वामित्री आणली.
गाळाच्या काठावर मगरी, जबडे उघडे, दिवसभर ढिम्म.
हेरंब म्हणाला, ह्या पुजारी का?
नाही, म्हटलं. भाविक.
सगळ्यांना आवडलं.
मला त्या रात्री झोप आली नाही.

तिसरा पहाटेपर्यंत उतरला.
गाभाऱ्यात मूर्ती नाही, टेबल आहे.
टेबलाला सुतळीनं बांधलेलं बॉलपेन,
कारण लोक पेन घेऊन जातात,
अशा दिवशीसुद्धा.
मुख्य पुजाऱ्याला अर्ध्या बाह्यांचा सदरा, चष्म्याला दोरी.
मंत्र चारच:
नाव? वय? किती वाजता? सोबत कोण?
चौथ्याला जो अडखळतो त्याला तो पाणी देतो.
दीक्षा घेतली की पहिलं वर्ष नुसती लाकडं तोलायची,
मग चपला सांभाळायच्या,
आवाज खाली ठेवायला फार उशिरा शिकवतात.
नैवेद्य नाही. दक्षिणेची पावती मिळते.
मागच्या फळीवर मडकी, तोंडाला लाल फडकं,
कुणी न्यायला न आलेली.
रोज कुणीतरी ती ओल्या कापडानं पुसतं.
त्या पदाला मी नाव दिलं नाही.

आणि चमत्कार? मुर्तझा म्हणाला.
देव आहे म्हटल्यावर काहीतरी देत असेल.
एकच देतो.
वहीत चुकलेलं नाव दुरुस्त करून देतो.
बस?
बस.

(खासवाडीत मी चौथ्याला अडखळलो होतो.
पहिल्याला नीट सांगितलं होतं, हणमंत,
पण धूर होता, घसा बसलेला,
आणि त्यानं गुजरातीत लिहिलं: हसमुख.
माझे बाबा.
ज्यांचा हसरा एकही फोटो नाही,
लग्नातलासुद्धा.
पावतीवर हसमुख, दाखल्यावर हसमुख,
तीन अर्ज, एक प्रतिज्ञापत्र,
खिडकी क्रमांक सहा,
जेवणाची सुट्टी.)

गेल्या शनिवारी चोर देवळात शिरला,
बहिणीचं मडकं पळवायला.
फासा टाकला. वीस.
वीस पडले की जगानं वाकायचं,
नियम माझाच.
पण गेलेलं परत येत नाही, हाही माझाच.
सगळे माझ्याकडे बघत होते. पंखा कुरकुरत होता.
मग पुजाऱ्यानं वही त्याच्याकडे फिरवली
आणि पेन पुढे केलं, सुतळीसकट.
मुर्तझानं एक नाव सांगितलं.
त्याच्या पात्राच्या कागदावर ते कुठंच नव्हतं.
आम्ही कुणी काही विचारलं नाही.
झंखनानं पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवली.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला,
शेजारच्या मडक्यावर काय लिहिलंय?
मी फासा न टाकताच सांगितलं.
बरोबर आहे का नाव? चोरानं विचारलं.
पेन अजून माझ्याकडेच आहे.

पुढच्या शनिवारी बघू, म्हटलं.
हेरंब फासे डबीत भरू लागला.
एक सोफ्याखाली गेला,
तो अजून सापडलेला नाही.