उजवीकडे कोण आहे

आरशात दिसायचं तेवढं त्याला कधीच पुरलं नाही.
म्हणून मी. स्टँडच्या छपरावर, दुर्बीण
आणि उकडलेल्या शेंगांची पुडी घेऊन
एकोणीस वर्षं त्याच्या कानात बोलत राहिलो:
खाली एक. अजून आहे. अजून आहे.
मोकळं.

हॉयट प्रुइट. बाप लाकडाच्या गिरणीत,
आई शाळेची बस चालवायची.
वेग कुणाकडून आला यावर घरात वाद होता.
आई म्हणायची, बस रिकामी असते तेव्हा या, दाखवते.

कॅरोलिनाची लाल माती, गावाबाहेरचा कच्चा गोल.
सतराव्या वर्षी पहिलं बक्षीस: चाळीस डॉलर
आणि डुकराची एक अख्खी खारवलेली मांडी.
ती त्याने तिथेच बॉनेटवर कापून वाटून टाकली,
मलाही दिली.
मी त्या दिवशी त्याच्याकडूनच हरलो होतो.

मग डांबर. मग ट्रक.
नावालाच ट्रक; मागचा हौदा झाकलेला,
त्यात कधी पोतंभर बटाटे गेले नाहीत.
दारावर नावं बदलत गेली: कोंबड्यांचं खाद्य,
वाळवीचं औषध, एका दंतवैद्याचा हसरा चेहरा.
जुनं नाव लोरीन हेअर ड्रायरने सोलायची,
कोपऱ्यापासून, हळूहळू,
नवऱ्याच्या जखमेची पट्टी काढावी तसं.

डावी चाकं उजवीपेक्षा किंचित लहान असतात.
हात सोडले तरी गाडी डावीकडेच जाते.
पुढेपुढे हॉयट चालायलाही तसाच लागला.
चर्चच्या दारातून सरळ निघायचा
आणि पाद्रीबाबांच्या गुलाबांत पोचायचा.

जिंकला? एकदा.
पाऊस आला, शर्यत थांबली, तेव्हा तो पुढे होता.
इतकंच.

नंतरची वर्षं मी कुणाला फारशी सांगत नाही.
मालक म्हणायचा, सुरू कर, अकरा फेऱ्या मार, आत ये.
टायर वाचतात, इंजिन वाचतं,
शेवटच्या नंबराचे पैसे तर मिळतातच.
कारण काय लिहायचं? लिहा, कंपन.
कागदोपत्री हॉयट प्रुइट एकतीस वेळा कंपनामुळे बाहेर पडला.
गाडीत कंपन नव्हतं.
कॉफीच्या कपाभोवतीचे त्याचे हात मात्र मी पाहिलेत.

टेनेसीतली ती रात्र. अकरावी फेरी.
मी म्हणालो, हॉयट, आत.
रेडिओचं बटण दोनदा वाजलं. टक टक.
त्याच्या भाषेत, ऐकलं.
बारावी फेरी. तेरावी.
मालक माझ्या दुसऱ्या कानात आईवरून शिव्या देतोय,
आणि मला एकदम आठवलं की माझं काम काय आहे.
खाली एक. अजून आहे.
मोकळं, हॉयट. मोकळं.

गुळगुळीत टायरवर उरलेली सगळी शर्यत.
पिटमध्ये फक्त मालकाचा पुतण्या वेस्ली, वय एकोणीस;
त्याने कुणाला न विचारता पेट्रोल ओतलं.
सतरावा आला.
बुटाची टाच वितळून पत्र्याला चिकटली होती,
पाय आधी बाहेर आला, बूट नंतर.
मालकाने सगळ्यांसमोर किल्ल्या मागितल्या.
रेसच्या ट्रकला किल्ली नसते.
हे आठवून लोरीन अजूनही हसते,
हसता हसता उठून आत जाते.

आता त्याच्या मानेत दोन पट्ट्या आणि सहा स्क्रू.
उजवीकडे वळत नाही.
शनिवारी आम्ही त्याच्या पिकअपमधून
बियाणं, खिळे, काहीबाही आणायला जातो.
चौकात तो थांबतो. समोर बघत राहतो. विचारत नाही.
मी खिडकीतून डोकं बाहेर काढतो:
ओंडक्यांचा एक ट्रक, लांबून, सावकाश.

अजून आहे, मी म्हणतो. अजून आहे.

मागचा हॉर्न वाजवतो.
हॉयट स्टिअरिंगवर बोटाने
दोनदा टकटक करतो.