खुर्ची कुठं मांडायची

संयोगिता म्हणते, बाबा, आधी दार वाजवायचं.
मी आमच्याच स्वयंपाकघराचं दार वाजवतो.
आत कुकरची तिसरी शिट्टी,
ओट्यापाशी पाठमोरी बायको,
"उघडंच हाय की."

लेक टेबलापलीकडं बसते,
कॉलेजची फाईल उघडून,
चष्मा नाकावर ओढून, साहेबागत.
"स्वतःबद्दल सांगा."

स्वतःबद्दल.
उद्यमनगरात एकोणतीस वर्षं, एकच शेड, एकच लेथ,
मालकानं शटर ओढलं त्या दिवसापर्यंत
हे कुणी विचारलं नव्हतं.
लागलो तेव्हा थोरल्या मालकांनी
तळहातावर एक बुश ठेवला. "किती?"
मी अंगठा फिरवला आतनं,
म्हणालो, पंचवीसला केसभर कमी.
त्यांनी व्हर्नियर लावला, बघितलं,
"उद्यापासनं ये."
झाली मुलाखत. वर चहा.

"बाबा, असलं नाही सांगायचं तिथं."
मग कसलं?
"माझं नाव भरमू सातगोंडा मगदूम.
मला यंत्रकामाचा एकोणतीस वर्षांचा अनुभव आहे."
म्हणतो मी तसं.
पण 'आहे'पाशी जीभ अडते,
'हाय' कसं सरळ निघतं,
टूलला धार असली की निळी चीप निघते तसं.

शर्ट कोपऱ्यावर इस्त्रीला दिलाय.
चपला आहेत पापाच्या तिकटीच्या, नव्या, करकरणाऱ्या,
पण लेक म्हणते बूटच पाहिजेत.
बूट मेव्हण्याचे, एक नंबर मोठे,
पुढं कापूस कोंबलाय.
नखांतलं काळं मात्र
रॉकेलनं निघंना, लिंबानं निघंना.
बायको म्हणते, हात टेबलाखाली ठेवा.

"तुमची कमकुवत बाजू कोणती?"

मी म्हणालो, "होय साहेब, शिरोलीला बसनं येईन."

लेक थांबली.
पेन खाली ठेवलं.
पुन्हा विचारलं, आता तोंड फायलीआड धरून.

मी म्हणालो, "पगार तुम्ही म्हणाल तो."

बाहेर कुणाची तरी गाडी वाजली असावी,
दोघींनी माना वळवल्या
त्यावरनं कळलं.

"कधीपासनं?"

डावाच फक्त, म्हणालो.
पॉवर प्रेस होता त्या अंगाला, बारा वर्षं.
तुझी दहावी होती, म्हटलं नंतर सांगू.
मग बारावी आली.
मग तुमची तोंडं बघून कळायला लागलं सगळं,
तेव्हा सांगायचं काय राहिलं?

बायको काही बोलली नाही.
किंवा बोलली असेल. पाठमोरी होती.

लेक रडली नाही, तशी नाहीच ती.
उठली, माझी खुर्ची उचलली,
टेबलाच्या डाव्या टोकाला नेली, जरा तिरकी केली,
मला बसवलं.
उजवा कान तिच्या समोर आला.
"तिथं खुर्ची कशीही असू दे.
बसता बसता अशी सरकवायची. सहज.
करून दाखवा."

आमच्या पेठेत तालीम म्हणजे तांबडी माती, शड्डू.
ही तालीम वेगळी.
दार, नमस्कार, दोन पावलं,
एका हातानं खुर्ची, फरशीवर आवाज न करता.
पहिल्यांदा लई करकरली म्हणे.
मला काय कळणार?
चौथ्यांदा बायकोनं जुन्या बनियनचे तुकडे
खुर्चीच्या पायांना बांधले.
"तिथं कोण बांधणार गं?" लेक हसली.
हसताना दिसली.

अकरा वाजता भात गरम केला पुन्हा.
जेवताना ती उजवीकडं येऊन बसली.
आजवर डावीकडं बसायची,
एवढी वर्षं काय काय बोलली असेल तिथनं.

झोपताना म्हणाली, "आता सांगा. कमकुवत बाजू?"
स्वच्छ ऐकू आलं.
उत्तर अजून ठरलेलं नाही.
खोटं बोलू का, आठवायचा वेळ मागू,
की हात टेबलावर ठेवू सरळ,
म्हणू, एखादा बुश द्या.

सकाळी गेटपर्यंत येते म्हणाली.
कुठल्या अंगानं चालणार
ते काही मी विचारलं नाही.