साबणाची मुद्रा

शुक्रवारी सकाळी नऊला
मनामाच्या जुन्या बाजारात, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत
आमचा मराठीचा वर्ग भरतो.
तेरा मुलं, दोन सतरंज्या, खडखडणारा एसी.
आज पुस्तकं दप्तरातच राहू देत, म्हटलं
आणि प्रत्येकापुढे ठेवली
साबणाची एकेक वडी.

"आंघोळ घालणार का, मॅडम?" शर्वाणी.

नाही गं. दुकान टाकायचंय,
चार हजार वर्षांपूर्वीचं.
याच बेटावर, तुझ्या बाबांनी गाडी लावलीय तिथे
किंवा जरा पलीकडे,
तांबं उतरायचं, खजूर चढायचा,
आणि पोत्याच्या गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापून
व्यापारी दाबायचा आपली मुद्रा:
हा माल माझा. हात लावायचा नाही.

संग्रहालयात बघितल्या होत्या ना,
सदऱ्याच्या बटणाहून थोड्या मोठ्या, गोल?
काहींवर सिंधूकाठच्या खुणा आहेत,
मासा, उभ्या रेघा, कंगव्यासारखं काहीतरी.
"काय लिहिलंय त्यावर?"
माहीत नाही. अजून कोणालाच वाचता आलेलं नाही.

तेव्हा भिंतीपाशी बसलेल्या उबेद नाखवाने
मान वर केली.
"कोणालाच?"
कोणालाच.
"म्हणजे तुम्हालाही नाही?"
मलाही नाही रे.
त्याने हे दोनदा मनात घोळवलं असावं,
कारण बराच वेळ तो माझ्याकडे बघत होता,
मधल्या सुट्टीत कोणी आपला डबा वाटून घ्यावा, तसा.

उबेद दहा वर्षांचा.
ग चा काना आधी काढतो, आकडी मागून चिकटवतो.
त्याच्या वहीत ण कायम पाठमोरा.
धडा वाचायची पाळी आली की त्याला तहान लागते.
घरी कोकणी, शाळेत इंग्रजी,
अरबी उजवीकडून येते, मराठी डावीकडून,
आणि हा मध्ये उभा,
रस्ता ओलांडू न शकलेल्या पोरासारखा.

कर्कटकं, टाचण्या, खलबत्त्याजवळचा जुना सुरा
(तो फक्त माझ्या हातात).
अर्धा तास नुसता कोरण्याचा आवाज.
सतरंजीवर पांढरा चुरा, खोलीभर चंदनाचा वास,
खालच्या शिंप्याने जिन्यातून डोकावून विचारलं,
आज काही पूजा आहे का?

मग मातीचे गोळे. मग दाबा.

शर्वाणीचं नाव उलटं उमटलं.
ऋग्वेदचंही. पारिजातने तर रडायचंच बाकी ठेवलं,
इतकं सुबक कोरलं होतं तिने.
मी मुद्दामच सांगितलं नव्हतं.
आता आरसा काढणार होते पर्समधून,
शिक्का आणि ठसा यांची गंमत समजावणार होते,
तयारी करून आले होते, टाचणं काढून.

उबेदने गोळ्यावरून वडी उचलली.
मातीवर सरळ, नीटस,
डावीकडून उजवीकडे
उ बे द.

तो काहीच बोलला नाही.
बोट फिरवलं एकेका अक्षरावरून, कडेकडेने,
मग पुन्हा, जरा घाईने.
"मॅडम, हे मी वाचलं."
आवाज त्याचाच, पण जरा घोगरा.

याला कसं आलं, ऋग्वेदने विचारलं.
मी म्हटलं, नाखवा म्हणजे काय माहितीय?
जहाज हाकणारा. त्याच्या घराण्यातलं कोणीतरी
असे शिक्के बघत असेल रोज.
(ही थाप होती. इतिहासाच्या तासाला
एखादी चालते, असं मला वाटतं. त्या दिवशी तरी वाटलं.)

अकराला तो निघाला, जुम्म्यासाठी वडील खाली थांबले होते.
वडी त्याने रुमालात बांधली.
"आईने वापरली तर?"
तर आणखी एक कोर.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा पुस्तक.
तिसऱ्या ओळीत तो अडकला,
नेहमीच्याच जागी, जोडाक्षरापाशी.
तहान लागली नाही या वेळी.
शब्दावर बोट तसंच ठेवून म्हणाला,
"हा अजून कोणी वाचलेला नाही, असं समजू का?"

समज, म्हटलं.
आणि खण.