खोली

दुकानातला पोरगा म्हणाला, पेटी भारी आहे,
पण बसवायची खोलीप्रमाणे.
म्हणून तीन रात्री मी खोली ऐकतो आहे,
तांडापेठेतली, दहा बाय तेरा,
मे महिना, अकरानंतर,
भिंतींनी दिवसभर प्यायलेलं ऊन
परत द्यायला काढलेलं असतं तेव्हा.

आधी कूलर बंद करावा लागतो.
त्याची मोटर खाली एक जाड घुमारा धरून बसते,
त्यात माझा बास सापडत नाही.
"दोनच मिनिटं," म्हणतो मी.
रंजिता वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेते
आणि घड्याळाकडे बघते, माझ्याकडे नाही.

पद्धत अशी आहे:
आपण बसतो तिथे, दिवाणावर, पेटी ठेवायची
आणि पेटीच्या जागा आपण हिंडायच्या,
गुडघ्यांवर, कान फरशीपासून वीतभर,
भिंतीच्या कडेकडेनं.
आवाज भरून आला की खडूनं फुली.
बेचाळीस वर्षांचा माणूस, वीज ऑफिसात कारकून,
शोकेसखाली डोकं घालून रांगतो.
पोरगी मोबाईलवर शूटिंग काढते.

दारापाशी नुसती ढेकर.
टीव्हीखाली पोकळ.
खिडकीखालच्या कोपऱ्यात मात्र असा भरला
की मांडणीवरची ताटं कुजबुजायला लागली,
मग शोकेसची काच, मग काचेमागचा
लग्नात आलेला ताजमहाल.
एकेकाला गप्प केलं.
काचेत बसचं तिकीट घडी करून,
ताटांखाली जुनं धोतर.
सोनकुसरे काकूंनी पलीकडून लाटण्यानं भिंत ठोकली,
ती तेवढी गप्प करता आली नाही.

फेज उलटा केला, सुलटा केला.
ऐंशीवरची छाटणी सत्तरवर आणली.
तरी खाली काहीतरी उरतंच होतं, न मिळालेलं.
मग गोळीबार चौकातून चार इंची पीव्हीसी,
पेटीच्या मागच्या तोंडाला जोडलेला;
पाईप वाढतो तसा सूर उतरतो.
छत्तीस.
चौतीस.
बत्तीसला कान जवळजवळ हात टेकतात,
पुढचं पोटऱ्यांना कळतं.

आणि तिथेच, बत्तीसलाच,
टिर्रर्र.
एक बारीक चिरका किडा, कुठेतरी.
स्क्रू आवळले. दिवाणाचे पाय कापडात बांधले.
टिर्रर्र.

चटईवर आई उठून बसली.
तिचं कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये असतं,
सेल संपतात म्हणून ती ते लावतच नाही.
"काय हरवलं रे?"
मी ओरडून सांगितलं, आवाज येऊन राह्यला, सापडत नाही.
"वरडू नको. लाव."
तिनं फरशीवर हात पालथा ठेवला,
भाकरी थापतात तसा नाही,
तापलेल्या पोराच्या छातीवर ठेवतात तसा.
सरकवत सरकवत दिवाणाखाली नेला.
"अठी."

तिसरी फरशी. वाजवली, पोकळ.
"तुह्या बापाचा माग होता इथं.
खड्डा बुजवला तं भराव नीट ठोकलाच नाही कोनं."
आणि कूस बदलताना, भिंतीकडे तोंड करून,
"मी तिकडं कांड्या भरो.
तार तुटली का ठोक्यावरूनच समजे मले."

मी बारा वर्षांचा होतो, मलबा टाकणाऱ्यांतला एक.
दोन घमेली मीही टाकली होती.
वरून चार लाथा मारल्या आणि खेळायला गेलो.

सिमेंटचं पोतं काल आणलं, ते दाराआड उभं आहे.
तूर्त पाईप दोन बोटं कापला.
चौतीसला फरशी गप्प बसते,
गाणी चांगली वाजतात, काकू शांत,
रंजितानं कूलर चालू केला
आणि मी जिंकलो असं सगळ्यांनी धरलं.

आज संध्याकाळी आई दिवाण सरकवायला लावून
बरोबर त्या फरशीवर बसली तांदूळ निवडत.
गाणं अर्धं झालं.
सुपातून मान न काढता म्हणाली,
"थो कालचा लाव."

कापलेली कडी पोरीनं हातात घातली होती,
बांगडी म्हणून.
ती मागून घेतली.
टेपचं टोक सापडत नाहीये.