तर्री मागाल तेवढी

पंचायत समितीची मीटिंग सुटली अडीचले,
गावाकडची यष्टी साडेचारले.
पंचफुला म्हणे, चाल, काही खाऊ.
डब्बा आहे, म्हटलं.
म्हणे, डब्बा म्हशीले घाल.

शालिकचं पत्र्याचं हाटेल. फळीवर खडूनं:
आलूबोंडा-रस्सा पंधरा, तर्री मागाल तेवढी,
उधार विचारू नये.
खाली कोणीतरी पेन्सिलीनं:
विचारलं. नाही म्हणे.

आम्ही मागच्या बाकावर, भिंतीकडे तोंड करून.
बायांची जागा तीच, सांगितली कोणी नव्हती.
शालिकनं प्लेटा ठेवल्या
तशी मी उठली, पाणी आणाले.
"बसा न बाई," तो म्हणे, "मी कायले आहो?"

तर्री अशी का कानामागं घाम.
नाकाले पदर, डोळ्याले पदर,
पंचफुला हासे, ठसका लागे, अखीन हासे.
तिसऱ्यांदा तर्री मागितली
तं माहा आवाज एवढा मोठा निघाला
का पुढच्या बाकावरचे ग्रामसेवक वळून पाहाले लागले.
पाहू दे.

डब्बा तसाच घरी आला.
सासू म्हणे, जेवली नाही का वं?
भूक नव्हती, म्हटलं.

पोरगा कुशीत बोटं हुंगत राहिला.
झोप, म्हटलं.
पुढची मीटिंग कधी आहे,
उद्या पंचफुलाले विचारतो.